वाकडा गाभारा

सुनंदा, तुझी मोजायची टेप अजून माझ्याच पर्समध्ये आहे. ती पिवळी, लोखंडी, जिच्यावर तू नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवला होतास, तुझ्या नवऱ्याच्या, अविनाशच्या टेपांमध्ये मिसळू नये म्हणून. परवा ग्रोसरीच्या लायनीत पाकीट काढायला गेले तर ती बाहेर आली आणि धाडकन खाली पडली. मागच्या बाईने उचलून दिली आणि विचारलं, "आर यू अ कॉन्ट्रॅक्टर?" मी हो म्हणून टाकलं. सगळं कुठून सांगायला सुरुवात करणार?

काल आपल्या गणपतीचं विसर्जन झालं. बेसमेंट रिकामं आहे, गालिच्यावर फोमबोर्डचा पांढरा चुरा पडलाय आणि मला व्हॅक्यूम करायचा धीर होत नाहीये. तू गेल्यानंतर कम्युनिटी सेंटरमध्ये सभा झाली तेव्हा मी काही बोलले नाही. सगळे बोलले. तुझी डिग्री, तुझी नोकरी, तुझा हसतमुख स्वभाव. हसतमुख! मी मागे चहाच्या पिंपाजवळ उभी राहून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ही कोण बाई? माझी सुनंदा तर सकाळी सकाळी फोन करून 'हॅलो' न म्हणता भांडायला सुरुवात करायची. तर मी त्या सुनंदाशी बोलायला बसलेय. आणि आपलं भांडण एकाच गोष्टीवर होतं, तू ते मधेच टाकून गेलीस, आणि त्याचं पुढे काय झालं ते तुला सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडणार नाही.

अविनाशला कंपनीने दोन वर्षांसाठी फ्रान्सला पाठवलं तेव्हा तू केवढी चिडली होतीस. आर्किटेक्ट होऊन नागपूरहून इथे आलीस, व्हिसाच्या भानगडीत किती वर्षं घरात बसलीस, मग कुठे औषधांच्या दुकानांचे नकाशे काढायची नोकरी मिळाली, आणि ती हातात येते न येते तोच बाडबिस्तरा उचलायचा. तिथे गेल्यावर महिनाभर फोनवर रडगाणं. ब्रेड चांगला आहे, बाकी गाव बंद आहे. आणि मग एक दिवस फोन आला तो आवाजच वेगळा. "शैले, आमच्या गावातलं चर्च वाकडं आहे!" मी म्हटलं, त्या पिसाच्या मनोऱ्यासारखं? तू म्हणालीस, "नाही गं. उभं अगदी ताठ आहे. आडवं वाकडं आहे. तू ये, दाखवते."

मी आले. मला वाटलं होतं पॅरिस बघायला मिळेल. आयफेल टॉवर मी टॅक्सीच्या काचेतून बघितला, तोही अर्धा. पुढचा सगळा मुक्काम त्या एका चर्चमध्ये गेला, आणि मी त्याबद्दल तुला जन्मभर ऐकवलं. आज कबूल करायला हरकत नाही की पॅरिस नंतर माझ्या दिलीपबरोबर नीट बघितलं, आणि त्यातलं मला फारसं काही आठवत नाही. तुझ्या त्या चर्चचा मात्र दगडन् दगड आठवतो.

छोटंसंच होतं की ते. गव्हाच्या शेतांमधलं गाव, चौकात एक बेकरी, समोर पिवळट दगडाचं चर्च, बुटक्या मनोऱ्याचं. आत थंडगार. मला कळावं म्हणून तू पुढच्या लांब भागाला सभामंडप म्हणायचीस आणि जिथे त्यांचा देव असतो त्या टोकाच्या भागाला गाभारा. सभामंडप जुना, बाराव्या शतकातला; जाड भिंती, गोल कमानी, हातभर खिडक्या. गाभारा त्यानंतर दोन-अडीचशे वर्षांनी बांधलेला. उंच, टोकदार कमानी, आणि भरपूर उजेड. दारात उभं राहून सरळ समोर बघितलं की नजर गाभाऱ्याच्या मधल्या खिडकीवर जायला हवी. ती जायची बाजूच्या खांबावर. कारण सभामंडप एका रेषेत आणि गाभारा त्या रेषेपासून डावीकडे सरकून, जरासा वळून बसलेला. एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसेचना.

तू काय केलंस तेव्हा? दाराच्या उंबऱ्याशी पालथी पडलीस. हनुवटी फरशीला टेकवून, एक डोळा मिटून रेष बघायला लागलीस. चर्चची किल्ली सांभाळणारी म्हातारी बाई झाडू घेऊन मागे उभी होती. तिला वाटलं ही भारतातली बाई साष्टांग नमस्कार घालतेय. तिने झाडू बाजूला ठेवून छातीवर क्रूसाची खूण केली. मी तोंड फिरवून हसत होते आणि तू खालून ओरडलीस, "शैले, हसू नकोस, टेपचं शून्य धर!"

शून्य धर. तो सगळा मुक्काम मी शून्य धरलं. तू टेप ओढत लांब जायचीस आणि मी टेपचं टोक भिंतीच्या कोपऱ्याला दाबून उकिडवी बसायची. "हललं का? शून्य हललं का?" मी डेंटिस्टच्या ऑफिसात अपॉइंटमेंटा देणारी बाई, मला कशाला ही शिक्षा, असं म्हणत म्हणत मी ते टोक कधी सोडलं नाही.

किल्लीवाल्या बाईनेच मग आपल्याला कारण सांगितलं. ती भराभरा फ्रेंच बोलत होती आणि तू तोडकंमोडकं मराठी करून सांगत होतीस. हे चर्च म्हणजे येशूचं शरीर आहे, ती म्हणाली. हा सभामंडप म्हणजे धड, हा गाभारा म्हणजे डोकं. क्रूसावर प्राण जाताना त्याची मान एका बाजूला कलली. म्हणून बांधणाऱ्यांनी गाभारा कललेला बांधला. असं म्हणून तिने स्वतःची मान जराशी कलवून दाखवली. सुनंदा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तुझ्याकडे बघितलं तर तू नाक मुरडत होतीस.

बाई गेल्या गेल्या तू मला हाताला धरून बाहेर नेलंस आणि भिंतीसमोर उभं केलंस. "गोष्ट छान आहे. पण भिंत काय सांगते ते बघ." आणि मग तू ती भिंत मला वाचून दाखवलीस. हा दगड खडबडीत, इथून पुढचा गुळगुळीत, म्हणजे इथे जुनं संपलं आणि नवं सुरू झालं. हा वरपासून खालपर्यंत गेलेला सांधा बघ, दोन कपडे जोडावेत तसा. ही ओळीने चौकोनी भोकं, त्यांत लाकडं खुपसून परांची बांधायचे. हा बुजवलेला दरवाजा, गवंडी इथून ये-जा करत असणार. "शैले, गावाला नवा गाभारा हवा होता, पण पूजा बंद ठेवून चालणार नव्हतं. रोजची प्रार्थना, लग्नं, मर्तिकं, सगळं इथेच. मग त्यांनी काय केलं? जुना छोटा गाभारा तसाच ठेवला आणि त्याच्या बाहेरून, त्याला पोटात घेऊन, नव्या गाभाऱ्याच्या भिंती उभ्या केल्या. आत पूजा चालू, बाहेर बांधकाम चालू. कितीतरी वर्षं. मधे जुना गाभारा, त्यामुळे इकडून तिकडे सरळ रेष कुणाला टाकताच येईना. भिंती झाल्या, छप्पर झालं, मग आतलं जुनं पाडलं, आणि तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिसलं की आपलं चुकलंय."

मी म्हटलं, काहीतरीच. एवढी देवळं बांधणारी माणसं, त्यांना सरळ रेष कळत नाही? त्यांनी मुद्दाम केलं असणार. तू म्हणालीस, मुद्दाम कुणी वाकडं बांधत नाही. मी म्हटलं, श्रद्धेपोटी बांधतात. तू म्हणालीस, तुला बांधकामातलं काय कळतं? मी म्हटलं, तुला श्रद्धेतलं काय कळतं? बेकरीच्या बाहेर उभं राहून आपण मराठीत इतक्या जोरात भांडलो की बेकरीवाला बाहेर येऊन बघून गेला.

ते भांडण पुढे किती वर्षं पुरलं. तुम्ही इथे नोव्हायला परत आलात, तुमची रेवा शाळेतून कॉलेजात आणि कॉलेजातून जर्सी सिटीला नोकरीला गेली, माझा गुडघा बदलून झाला, पण आपलं चालूच. लग्नाच्या पंगतीत, बर्फ उपसताना, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये. तू मधेच म्हणायचीस, "आज एका इंग्लंडमधल्या चर्चचा नकाशा बघितला, तेही तसंच, पूजा चालू ठेवून बांधलेलं." मी म्हणायची, "मग त्यांच्याही देवाची मान कलली असेल." शेवटी तू पैज लावलीस. जी हरेल तिने आपल्या सगळ्या लोकांसमोर उभं राहून 'मी चुकले' म्हणायचं. आपल्या दोघींनाही ते दोन शब्द नवऱ्यासमोर कधी म्हणता आले नाहीत, त्यामुळे पैज भारीच होती.

एक गोष्ट मी तुला कधी बोलून दाखवली नाही. माझी आई गेली तेव्हा ग्रीनकार्डच्या कागदपत्रांमुळे मला भारतात जाता आलं नाही. घरात लोक येत होते, खांद्यावर हात ठेवून जात होते. तू आलीस ती ही टेप घेऊन. "तुझं किचन मापू या," म्हणालीस. का, कशाला, काही नाही. आपण दिवसभर माझं घर मापलं, तू कागदावर काढत गेलीस, आणि मी शून्य धरून कोपऱ्याकोपऱ्यात बसले. एका कोपऱ्यात बसल्या बसल्या मला रडू फुटलं आणि तू टेप ताणलेली तशीच धरून पलीकडच्या भिंतीशी उभी राहिलीस, माझं होईपर्यंत. सुनंदा, त्या दिवशीचे तुझे उपकार मी कधी मानलेच नाहीत. आज मानते.

आता यंदाचं सांगते. आपल्या आठ घरांचा गणपती यंदा माझ्या बेसमेंटमध्ये बसायचा होता आणि मखर नेहमीप्रमाणे तू करणार होतीस. मार्चच्या मीटिंगला तू जाहीर केलंस की यंदा त्या फ्रेंच चर्चचं मखर. नानाकाका खुर्चीत सरसावून बसले. "चर्चमध्ये गणपती बसवायचा? लोक काय म्हणतील?" तू शांतपणे म्हणालीस, "नानाकाका, गेल्या वर्षी तो तुमच्या गराजमध्ये स्नो ब्लोअरच्या शेजारी बसला होता. तेव्हा काही बोलला नाही. मग चांगल्या दगडी देवळात बसायला का नाही म्हणेल?" नानाकाका हसले आणि विषय तिथेच मिटला.

तेव्हा तुला माहीत होतं. मला नंतर कळलं. तुला जानेवारीतच डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि तू आम्हाला सांगितलंस मे महिन्यात, तेही मीच विचारलं तेव्हा, कारण तुझी साडी तुझ्या अंगावर टांगल्यासारखी दिसत होती. मला तुझा राग येतो, अजून येतो. चार महिने तू आत सगळं झेलत होतीस आणि बाहेर फोमबोर्ड कापत होतीस, केमोच्या दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला येत होतीस. अशी कशी गं तू?

सभामंडप तू पुरा केलास. एवढासा, गुडघ्याच्या वर येईल इतका उंच, वरून उघडा. गोल कमानी, हातभर खिडक्यांच्या बोटभर खिडक्या, बुजवलेला दरवाजासुद्धा. गाभाऱ्याचे तुकडे कापून ठेवलेस आणि तिथे थांबलीस. शेवटी हॉस्पिटलात तू मला विचारलंस, "गाभाऱ्याचं काय करशील?" मी म्हटलं, "बरी हो, मग भांडू." तू म्हणालीस, "हरशील." आणि डोळे मिटून हसलीस. मी लगेच आमच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी कवळीची गोष्ट सांगायला लागले. तुला आणखी काही बोलायचं होतं का? तुला वाद संपवायचा होता का? मला नव्हता. मला वाटत होतं, जोवर हा वाद आहे तोवर तुला कुठे जाता येणार नाही.

तू गेलीस आणि मी ते तुकडे कापडाखाली झाकून ठेवले. गणपती येऊन ठेपले तरी मला हात लावता आला नाही. शेवटी स्थापनेच्या दिवशी दिलीपने तुझा सभामंडप आणून गालिच्याच्या कडेला लावून ठेवला, त्याच्या टोकाला चौरंग मांडला, आणि बाप्पाभोवती नानाकाकांकडचं गेल्या वर्षीचंच मखर उभं केलं, ती सोनेरी अर्धगोल पुठ्ठ्याची देवळी. प्राणप्रतिष्ठा झाली. झालं, मी म्हटलं, यंदा असंच.

दुसऱ्या दिवशी रेवा आली. लॅपटॉप घेऊन आली, इथूनच काम करते म्हणाली, अविनाशला एकटं टाकवत नाही म्हणाली. तुमच्या घरात यंदा सण नाही, म्हणून ती संध्याकाळी माझ्याकडे आरतीला आली आणि मागे भिंतीला टेकून उभी राहिली. आरती झाल्यावर कापड उचलून तिने ते तुकडे बघितले.

"मावशी, धिस इज द क्वायर, गाभारा, राइट? आईने फिनिश नाही केलं?"

"नाही गं. आणि आता मूर्ती बसली. विसर्जनापर्यंत हलवता येत नाही."

"मग डोन्ट मूव्ह हिम. आपण त्याच्या अराउंड बांधू ना."

मी नानाकाकांना फोन केला, हिने हात लावला तर चालेल ना म्हणून. ते म्हणाले, "सजावटीला कसलं आलंय सुतक? सुनंदाचं काम आहे, पुरं करा."

आता पहिला प्रश्न. सरळ बांधायचं की वाकडं? रेवा म्हणाली, खरं चर्च वाकडं आहे, मग मॉडेल वाकडं हवं. मी म्हटलं, "नाही. तुझ्या आईच्या मते बांधणाऱ्यांना सरळच बांधायचं होतं. तिचं काम आहे, तिच्या म्हणण्याप्रमाणे करू. सरळ." बघ, मी तुझी बाजू घेतली. तू असतीस तर घेतली नसती.

मग आमचं काम सुरू झालं. सकाळची आरती झाली की रेवा मीटिंगा आटपून यायची, संध्याकाळच्या आरतीपर्यंत आम्ही मागच्या बाजूने भिंती उभ्या करायचो. जुनं मखर काढता येत नव्हतं. रोज दोनदा पूजा, नैवेद्य, येणारी-जाणारी माणसं, बाप्पाला उघड्यावर कसं बसवणार? त्यामुळे त्या सोनेरी देवळीला पोटात घेऊन बाहेरून तुझा उंच गाभारा वर चढायला लागला. रेवाने दिलीपचं लेसर आणलं, लाल रेघ टाकायचं. ती रेघ जुन्या मखराच्या पाठीवर आपटून तिथेच थांबायची. "इट्स ओके," रेवा म्हणाली, "आपण बॅक वॉलपासून मेझर करू." मग तिने तुझी टेप काढली, टोक माझ्या हातात दिलं, आणि ओढत पलीकडे गेली. मागे वळून न बघता म्हणाली, "मावशी, शून्य हलवू नको हं."

तिने ते मराठीत म्हटलं, सुनंदा. तुझ्याच सुरात. मी टेपचं टोक भिंतीला दाबून बसले आणि बराच वेळ मला मान वर करता आली नाही.

शनिवारी दुपारी गाभारा पुरा झाला. टोकदार खिडक्यांना रेवाने रंगीत जिलेटिन लावलं. संध्याकाळी आठही घरं येणार होती. आता फक्त आतलं जुनं मखर काढायचं होतं. ते काम अविनाशने केलं. त्याने कटरने ती सोनेरी देवळी मधोमध चिरली आणि एकेक अर्धा भाग मूर्तीला धक्का न लावता वरून उचलून घेतला. कटर तो दुसऱ्या कुणाला देईना.

रेवा सभामंडपाच्या दारापाशी गेली आणि गालिच्यावर पालथी पडली. हनुवटी टेकवली, एक डोळा मिटला. हे तिला कुणी शिकवलं होतं? तिने डोळा बदलून पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "मावशी... कम हिअर."

माझा गुडघा बदललेला, मी कशीबशी खाली झाले आणि तिच्या शेजारी आडवी पडले. एक डोळा मिटला. सभामंडपाच्या कमानी ओळीने पुढे गेल्या होत्या, शेवटी बाप्पा होता, आणि त्याच्याभोवतीचा सगळा गाभारा डावीकडे सरकून, जरासा वळून बसला होता. मधल्या खिडकीवर जायला हवी ती नजर खांबावर जात होती. त्या खांबाआड बाप्पाचा एक कान आणि मोदकाचा हात गेला होता.

"आपण बरोबर मेझर केलं होतं," रेवा म्हणत होती, "आय चेक्ड एव्हरीथिंग. हाऊ?" आणि मला कळत होतं कसं ते. सभामंडप गालिच्याच्या कडेला लावलेला, गाभारा मागच्या भिंतीपासून मापलेला, आणि गालिचा आणि भिंत यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. मधे जुनं मखर, त्यामुळे इकडून तिकडे बघताच आलं नाही. आत पूजा चालू, बाहेर बांधकाम चालू. दोघींनी जीव तोडून सरळ बांधलं होतं आणि ते वाकडं झालं होतं.

मी हसायला लागले. पालथी पडल्या पडल्या इतकी हसले की अविनाश घाबरून पाण्याचा ग्लास घेऊन आला. रेवाला मी सांगितलं काय झालं ते, मग तीही हसायला लागली, आणि मग आम्ही दोघीही रडत होतो आणि अविनाश ग्लास धरून उभा होता. शेवटी तो म्हणाला, "आता काय, परत करायचं का सरळ? वेळ आहे अजून." मी म्हटलं, हात लावलात तर खबरदार.

संध्याकाळी सगळे जमले. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली. मग मी पुढे होऊन सगळ्यांसमोर उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "मी चुकले." नानाकाका म्हणाले, "नाही नाही, शैलाताई, आरती बरोबरच म्हटलीत." अविनाशला पैज माहीत होती. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तर ऐकलंस ना? म्हटलं मी. पैज पुरी झाली, तू जिंकलीस. आणि मला वाटलं होतं तसंच झालं. ते शब्द तोंडातून बाहेर पडले आणि माझ्या आत एकदम सगळं रिकामं झालं. एवढी वर्षं धरून ठेवलेलं भांडण संपलं आणि तू खरोखर गेलीस.

मी बाजूला होऊन जिन्याच्या पायरीवर बसले. लोक एकेक करून दर्शनाला जात होते. आधी नानाकाका गेले, सभामंडपाच्या दारासमोर हात जोडून वाकले. त्यांना पूर्ण बाप्पा दिसेना, तो खांब मधे येत होता. त्यांनी मान जराशी डावीकडे कलवली. तेव्हा दिसला असावा, कारण ते तसेच डोळे भरून बघत राहिले. मागून काकू गेल्या, त्यांचीही मान कलली. मग दिलीप. मग मॉरिसव्हिलहून आलेली नानाकाकांची सून, तिच्या कडेवरची पोर. जो जो तिथे जाऊन वाकला त्याची मान कलली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

सुनंदा, तुला दिसतंय का मी काय म्हणतेय ते? गवंडी चुकले, कबूल. पण चुकल्यावर ते पाडून पुन्हा का नाही बांधलं? गावाने ते तसंच का ठेवलं? कारण पहिल्याच दिवशी त्या दारातून आत आलेल्या प्रत्येकाने देव दिसावा म्हणून मान कलवली असणार. पिढ्यान् पिढ्या कलवली असणार. आणि मग कुणीतरी आपल्या नातवाला सांगितलं असणार की ही मान येशूची आहे. ती किल्लीवाली बाई खोटं बोलत नव्हती. मान कललेली होतीच. फक्त ती बघणाऱ्यांची होती.

हे मी रेवाला सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, दॅट्स नॉट एव्हिडन्स. त्यांच्याकडे पैसे संपले असतील, म्हणून फिक्स नाही केलं." नाक अगदी तुझ्यासारखं मुरडून. मी म्हटलं, तुला श्रद्धेतलं काय कळतं? ती म्हणाली, तुला बांधकामातलं काय कळतं? रेवा ते मराठीतच म्हणाली, आणि आमचं जे जुंपलं ते काल विसर्जनाला तलावावर जाताना गाडीतसुद्धा चालू होतं. अविनाश गाडी चालवता चालवता आरशातून आमच्याकडे बघत होता. तू गेल्यापासून पहिल्यांदाच मी त्याला हसताना बघितलं.

आज सकाळी ती जर्सी सिटीला परत गेली. विमानतळावरून तिचा फोन आला, हॅलो न म्हणता. "मावशी, मी मे महिन्यात फ्रान्सला चाललेय. दारातलं मेझरमेंट आईने घेतलंच नव्हतं, किती मान कलवावी लागते ते. तू येतेस ना? मला एकटीला नाही जमणार. टेपचं दुसरं टोक कोण धरणार?"

येते म्हटलं. शून्य माझ्याकडे आहे, सुनंदा, आणि मी ते अजून हलवलेलं नाही.